आवणीला जाण्याआधी घरात खडूची एक रेघ मारा

मृगाच्या सुमाराला राबात पेर होते आणि पुढे आवणी सुरू झाली की पेण-रोह्याच्या गावांत दिवसा घरी माणूस सापडत नाही. बाप चिखलणीला, आई रोपे काढायला, चुलता मुठी वाहायला. मग घरात उरते कोण? सत्तरीची आजी, शाळा बुडवून घरी ठेवलेली आठ-दहा वर्षांची थोरली पोर आणि नुकतेच रांगायला किंवा चालायला लागलेले मूल. बाहेर धो धो पाऊस, म्हणून मूल अंगणात जात नाही. सगळा दिवस ते घरातच फिरते. ओटीवरून माजघरात, माजघरातून चुलीपाशी, चुलीपासून मोरीत.

कारखानदारीच्या गावांतही वेगळे नाही. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करून आलेला बाप सकाळी झोपतो आणि आई कामाला जाते. म्हणायला घरात मोठे माणूस असते, पण ते घोरत असते.

निघताना आई एकच सांगते, "पोराकडं लक्ष ठेव गं." सांगणे चूक नाही, पण तेवढ्यावर विसंबता येत नाही. आठ-दहा तास डोळ्याला डोळा लावून कोण बसणार? आजीला मोरीत जावे लागते, थोरलीला भात वैरायचा असतो, दारात कोणी आले तर दोन शब्द बोलावे लागतात. एवढ्या वेळात मूल कपाटाचा खण ओढते, पिंपात वाकते किंवा खाटेखालची बाटली तोंडाला लावते. अशा वेळी आपण म्हणतो, "नजर चुकली." नजर चुकणारच. म्हणून ती चुकली तरी मुलाचा जीव जाऊ नये, अशी घराची मांडणी करायची असते. तिला मोठा खर्च नाही. एक खडू, थोडे खिळे-स्क्रू, दोन-चार लोखंडी पट्ट्या, दोरी आणि सुटीचा एक दिवस पुरतो.

रेघ कशी मारायची?

घरातल्या सर्वांत लहान चालत्या मुलाला भिंतीशी उभे करा आणि हात वर करायला लावा. बोटांच्या टोकापासून आणखी एक हात, म्हणजे दीड फूट वर मोजा. तिथे खडूने रेघ मारा. भिंत चुन्याची असेल तर कोळशाने मारा. तीच उंची स्वयंपाकघर, माजघर, ओटी, मोरी, सगळीकडे घ्या. दोन वर्षांच्या मुलाची रेघ मोठ्या माणसाच्या खांद्याच्या आसपास किंवा त्याहून वर जाते. आपण "उंचावर ठेवलंय" म्हणतो त्या बऱ्याच वस्तू या रेघेखालीच असतात, हे तेव्हा कळते.

नियम सोपा आहे. कापणारे, भाजणारे, विषारी आणि अंगावर पडणारे काहीही रेघेखाली मोकळे नको. जे उचलून वर ठेवता येते ते वर जाईल. जे हलत नाही ते बांधायचे, झाकायचे किंवा कुलपात घालायचे.

मात्र मूल चढू लागले की रेघही त्याच्याबरोबर वर चढते. तांदळाच्या गोण्या, लाकडी पेटी, स्टूल, पाटांची थप्पी, उलटी बादली या त्याच्या पायऱ्या होतात. म्हणून अशी चढण कपाटाजवळ, खिडकीजवळ किंवा फळीखाली ठेवू नका. माळ्याची शिडी काम झाले की काढून आडवी ठेवा. काढता येत नसेल तर खालच्या चार-पाच पायऱ्यांवर फळी बांधा.

रेघ मारून झाली की एकदा गुडघ्यावर बसून घरभर रांगा. हसू नका. पलंगाच्या पत्र्याची धार, मेजाचा कोपरा, बाहेर आलेला खिळा, लोंबणारी वायर आणि कोपऱ्यात पडलेली पाण्याच्या मोटारीची फुटकी बटणपेटी उभ्या माणसाला दिसत नाही. रांगणाऱ्याला ती पहिल्यांदा दिसते.

कपाट आणि टीव्ही

लोखंडी कपाट आपल्याकडे लग्नात येते आणि पिढ्यानपिढ्या घरात राहते. जमीन शेणाची किंवा उंचसखल फरशीची असेल तर ते आधीच डुगडुगते. मूल खालच्या खणावर पाय देऊन वर चढते तेव्हा त्याचे सारे वजन पुढे येते. दार उघडे असेल तर त्या दाराचेही वजन पुढेच पडते. मग कपाट पुढे कलंडते, आणि त्याखाली सापडलेल्या मुलाला ओरडायलाही वाव राहत नाही.

हा धोका फक्त गावच्या डुगडुगत्या कपाटांचा नाही. आयकिया या स्वीडिश कंपनीने २०१६ साली अमेरिकेत खणांची सुमारे २ कोटी ९० लाख कपाटे परत मागवली होती. भिंतीला न जखडलेली कपाटे कलंडून लहान मुले दगावली होती. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत खास कायदा झाला आणि कपडे ठेवायची कपाटे सहजी पडू नयेत यासाठी सक्तीचे नियम आले. कारखान्याने कपाट कितीही स्थिर बनवले तरी ते भिंतीला जखडावे, हा सल्ला तिथेही कायम आहे. आपल्या कपाटालाही तेच लागू आहे.

भिंत विटेची किंवा चिऱ्याची असेल तर कपाटाच्या माथ्यावर मागच्या अंगाला दोन ठिकाणी काटकोनी पट्टी लावा. भिंतीत भोक पाडून, गुटी ठोकून स्क्रू आवळा. चिरा भुसभुशीत असेल तर लांब स्क्रू घ्या. भिंत कुडाची किंवा मातीची असेल तर तिच्यात स्क्रू धरत नाही. अशा घरात कपाट खांबाशेजारी आणा आणि जाड तारेने किंवा नायलॉनच्या दोरीने वरच्या बाजूने खांबाला बांधा. पुढच्या पायांखाली पातळ पाचर सारली की कपाट किंचित मागे, भिंतीकडे रेलते. पण पाचर म्हणजे बांधणे नव्हे. दोन्ही करा. जड सामान खालच्या खणात आणि हलके वर ठेवा. मुलाला हवीशी वाटणारी वस्तू, मग ते खेळणे असो की खाऊचा डबा, कपाटाच्या माथ्यावर कधीही ठेवू नका. ती काढण्यासाठीच मूल वर चढते.

भांड्यांची मांडणीही अशीच भिंतीला जखडा. टीव्ही पूर्वी जड आणि खोल असायचा. आताचा टीव्ही पातळ आहे, पण दोन छोट्या पायांवर उभा असतो आणि वायर ओढली की पुढे येतो. तो भिंतीवर टांगा. नाहीतर पाठीमागून पट्ट्याने बांधा आणि वायर मेजामागे घ्या. फ्रिजवर किंवा कपाटावर टीव्ही ठेवण्याची पद्धत सोडून द्या.

नवे सामान करून घेत असाल तर सुताराला आधीच सांगा. मेज, दिवाण आणि बाकाचे कोपरे गोल मारून घ्या. कडांवर रंधा आणि पॉलिश पेपर फिरवायला सांगा. पेटीचे झाकण पूर्ण उघडून टिकेल अशी साखळी बसवा. जड झाकण बोटांवर पडले तर बोट तुटते, आणि आत शिरलेल्या मुलावर मिटले तर आत हवाही राहत नाही. जुना बंद पडलेला फ्रिज पडवीत धान्यासाठी ठेवला असेल तर त्याचे दार काढून टाका.

झोपाळा, पाळणा, झोळी

कोकणातल्या ओटीवर झोपाळा असतो. त्याची फळी रांगत्या मुलाच्या डोक्याच्या उंचीवर येते आणि हलत्या फळीचा मार जबर बसतो. घरात रांगते मूल असेल तोवर झोपाळा वापरून झाला की साखळी वर अडकवून ठेवा किंवा फळी भिंतीला बांधा. वर्षातून एकदा वरची कडी आणि हूक झिजले आहेत का ते पाहा. साखळीच्या कड्यांत बोट सापडते, म्हणून मुलाचा हात पोहोचेल तेवढ्या भागावर जाड कापड गुंडाळा.

पाळण्याच्या गजांमधली फट ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. फट मोठी असली की अंग बाहेर येते आणि डोके अडकते. पाळण्यावर टांगलेली खेळणी आणि दोरे मुलाच्या हाताला लागू देऊ नका. मूल आधार धरून उभे राहू लागले की पाळणा बंद. मग खाली चटईवर निजवलेलेच बरे.

साडीच्या झोळीत मूल लवकर झोपते, हे आपल्या बायाबापड्यांना पिढ्यांपासून ठाऊक आहे. आडवी काठी घालून झोळी रुंद ठेवा, म्हणजे कापड तोंडावर येत नाही. ती जमिनीपासून थोडीच उंच बांधा आणि खाली गोधडी पसरा. मूल उठले की झोळी लगेच सोडून ठेवा. रिकाम्या झोळीत मोठी पोरे गरगर फिरून खेळतात आणि पीळ गळ्याला बसतो. या खेळात जीव जाऊ शकतो.

पांगुळगाडा वेगळा आणि हल्ली मिळणारी प्लॅस्टिकची बसायची गोल गाडी वेगळी. पांगुळगाडा मूल मागे उभे राहून ढकलते. गोल गाडीत पाय जमिनीला टेकतात न टेकतात तोच ते सुसाट जाते आणि ओटीच्या पायरीवरून डोक्यावर पडते. कॅनडाने २००४ साली अशा गाड्यांच्या विक्रीवर बंदी घातली. आपल्या ओट्या उंच आणि बिनकठड्याच्या. तिथे ही गाडी नकोच. मुलाला चालायला शिकवायला आजीचे बोट आणि लाकडी पांगुळगाडा पुरेसा आहे. ओटीच्या तोंडाशी दोन-अडीच फूट उंचीची लाकडी किंवा बांबूची फळकी बसवा. कठड्याच्या दोन गजांत १० सेंटिमीटरहून जास्त अंतर नको आणि आडवे गज नकोत, कारण आडव्या गजांवर मूल चढते.

पाण्याचे पिंप

पेणच्या खारेपाटात पिण्याच्या पाण्याची टंचाई वर्षानुवर्षांची आहे. हेटवणे धरण तालुक्यातच, त्याचे पाणी नवी मुंबईकडेही जाते, पण खारेपाटातल्या बाया उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. त्यामुळे घरोघर पिंपे, टाक्या आणि बादल्या भरून ठेवणे भागच आहे. "पाणी साठवू नका" असे इथे कुणाला सांगता येत नाही.

पण हे समजून घ्या. लहान मुलाचे डोके अंगाच्या मानाने जड असते. मूल बादलीत वाकले की डोके खाली जाते आणि त्याला ते वर काढता येत नाही. वीतभर पाणीही जीव घ्यायला पुरते. बुडणारे मूल ओरडत नाही आणि फारसे पाणीही उडवत नाही. शेजारच्या खोलीत बसलेल्या आजीला काहीच ऐकू येत नाही.

म्हणून पिंपाला घट्ट झाकण हवे आणि त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबचा पट्टा ताणून बसवायला हवा. झाकणावर नुसता दगड ठेवला तर तोच ओढून पायावर पाडून घेण्याची भीती. धुण्याचे उरलेले पाणी लगेच ओता आणि रिकामी बादली पालथी घाला. मोरीला दार नसेल तर दोन फुटांची फळी आडवी सरकेल अशी खाच करा. विहिरीचा कठडा, शेततळे आणि घरामागचा मत्स्यतलाव यांभोवती जाळी किंवा काटेरी कुंपण हवेच. कारखान्यातून आलेली रसायनांची रिकामी पिंपे पाण्यासाठी वापरू नका. ती कितीही धुतली तरी आत काय होते याची खात्री देता येत नाही.

चूल, विळी, वरवंटा

चूल जमिनीलगत असेल तर तिच्या तिन्ही बाजूंना विटांचा किंवा बांबूचा आडोसा करा. उकळती पेज, डाळ, अंघोळीचा हंडा खाली जमिनीवर निवत ठेवण्याची सवय मोडा. मूल मागे सरकत येते आणि त्यात बसते. गॅसच्या ओट्यावर कढईचा दांडा आतल्या बाजूला वळवा. मेजावर लोंबते कापड घालू नका. मूल कापड ओढते आणि वरचा चहा अंगावर घेते. बादलीत हिटर टाकून पाणी तापवण्याची पद्धत मूल असलेल्या घरात बंदच करा.

विळी वापरून झाली की भिंतीला उंच खिळ्यावर टांगा. मासळी चिरताना मध्येच उठावे लागले तर विळी आडवी करून टोपलीखाली झाका. आकडीला अडकवलेला कोयता घरात आला की रेघेच्या वर गेला पाहिजे. वरवंटा पाट्यावर उभा ठेवू नका, आडवा करून आत सारा. विजेचे बोर्ड खाली असतील तर भोकांना झाकणे बसवा. पावसात ओल्या भिंतीवर उघडी वायर नको. घराच्या मुख्य जागी ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच बसवून घेतला तर झटका बसताच वीज तुटते. त्याचा उपयोग मोठ्यांनाही आहे.

बाटल्या, गोळ्या, रंग

शेतातले तणनाशक किंवा कीटकनाशक पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत काढून ठेवणे हा सर्वांत घातक प्रकार. मूल बाटली ओळखते, आतले ओळखत नाही. औषध मूळ डब्यातच, कुलपाच्या पेटीत आणि शक्यतो घराबाहेरच्या पडवीत ठेवा. उंदीर मारायच्या विषाची ट्यूब, फिनेल, धुण्याचा सोडा, पापडखार आणि डिझेलही त्याच कुलपात.

आजीच्या उशाखालच्या बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्यांकडे आपले लक्ष जात नाही. गरोदर बाईला आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या लाल गोळ्या मुलाला चॉकलेटसारख्या दिसतात. त्या बऱ्याच खाल्ल्या तर मूल दगावू शकते. आशाताईंनी गोळ्या देताना "मुलापासून दूर ठेवा" एवढे एक वाक्य जरूर सांगावे.

पेण तालुक्यात हमरापूर, जोहे, कळवे या भागात गणेशमूर्तींचे काम घरोघर चालते. रंग, थिनर, प्लॅस्टरची पूड आणि फळ्यांच्या मांडण्यांवर वाळत घातलेल्या मूर्ती असतात. सीझनमध्ये घर आणि कारखाना एकच होतो. मांडण्या भिंतीला जखडा, खालची फळी रिकामी ठेवा आणि कामाच्या खोलीला कमरेएवढी फळकी लावा. थिनर कधीही पेल्यात किंवा वाटीत काढून ठेवू नका.

रंगाची आणखी एक गोष्ट. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून जास्त नसावे, असा नियम आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. त्याआधी रंगवलेल्या जुन्या पाळण्यात, दारा-खिडक्यांत शिसे असू शकते. दात येताना मूल पाळण्याची कड चावते. असा पोपडे उडालेला रंग ओला करून खरवडा, खरवडताना मूल दुसऱ्या घरी ठेवा, आणि नवा रंग घेताना डब्यावर शिशाबद्दल काय लिहिले आहे ते वाचा.

दाणा, बटण, सेल

भात निघाल्यावर आपल्याकडे वाल होतो. कडवे वाल, पावटे, चिंचोके आणि शेंगदाणे घरभर वाळत पडलेले असतात. चार वर्षांखालच्या मुलाच्या श्वासनळीत असा दाणा अडकतो आणि ओलाव्याने फुगतो. वाळवण माळ्यावर किंवा दार बंद करता येईल अशा खोलीत घाला. रिमोट आणि खेळण्यातले चपटे, बटणासारखे सेल त्याहून घातक. असा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून जाळतो. सेलचे झाकण स्क्रूने बंद होणारेच खेळणे घ्या, आणि सेल गिळल्याची शंका आली तरी थेट इस्पितळ गाठा.

पलंगाखाली काय आहे?

पावसाळ्यात विंचू-साप कोरड्या जागेच्या शोधात घरात येतात. पलंगाखालची अडगळ, पेट्यांमागची जागा आणि घरात रचलेली फाटी त्यांना आवडते. पलंग भिंतीपासून वीतभर दूर ठेवा. खाली काही ठेवू नका. मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा, कारण मण्यार झोपलेल्या माणसाला चावते. मुलाचे कपडे झटकून घाला. लाल विंचवाचा दंश लहान मुलाच्या हृदयावर घाला घालतो. आपल्याच जिल्ह्यात, महाडला, डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी यावर प्राझोसिन हे औषध उपयोगी ठरते हे १९८० च्या दशकात दाखवून दिले आणि असंख्य जीव वाचले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणून मंत्र-उताऱ्यात वेळ घालवू नका.

काही घडलेच तर

भाजले तर वाहते साधे पाणी २० मिनिटे सोडा. हळद, शाई, टूथपेस्ट, काही लावू नका.

विष किंवा तेल पोटात गेले तर उलटी करवू नका, मीठपाणी पाजू नका. बाटली किंवा पाकीट बरोबर घ्या. अंगावर सांडले असेल तर कपडे काढून पाण्याने धुवा.

घशात अडकले आणि मूल खोकू किंवा रडू शकत नसेल तर, वर्षाखालच्या मुलाला हातावर पालथे घेऊन, डोके खाली ठेवून, पाठीवर दोन खांद्यांच्या मध्ये पाच थापा मारा. मग उताणे करून छातीच्या मधोमध पाच वेळा दाबा. वर्षावरच्या मुलाला पाच थापा आणि मग मागून मिठी घालून बेंबीच्या वर पाच वेळा आत-वर दाबा. अडकलेले बाहेर येईपर्यंत आळीपाळीने करा. दिसत नसताना घशात बोट घालू नका.

बुडालेल्या मुलाला उलटे टांगून पोट दाबू नका. श्वास नसेल तर तोंडाने श्वास द्या आणि छाती दाबा.

सर्पदंशात जागा कापू नका, घट्ट बांधू नका. मुलाला न चालवता उचलून न्या.

१०८ ला लगेच फोन करा. पेण आणि रोहा दोन्हीकडे उपजिल्हा रुग्णालय आहे. रात्री-अपरात्री गाडी कुणाची मिळेल, हे आवणीच्या आधीच ठरवून ठेवा.

गावाने काय करावे?

सरपंच, ग्रामपंचायतीचे अधिकारी आणि अंगणवाडीताई यांनाही थोडे सांगायचे आहे. अंगणवाड्या १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतल्या. त्यांच्या शाळेत मुख्यतः तीन ते सहा वर्षांची मुले बसतात, आणि तीही काही तास. धोक्याच्या वयाची, म्हणजे रांगणारी आणि दुडुदुडु चालणारी मुले आवणीच्या दिवसांत घरीच राहतात.

बांगलादेश हाही भातशेतीचा आणि तळ्यांचा मुलुख. तिथे गावोगाव 'आंचल' नावाची बालघरे काढली. आया कामात असतात त्या सकाळच्या वेळात गावातलीच शिकवलेली बाई मुलांना सांभाळते. त्याने बुडून होणारे मृत्यू फार घटले. जागतिक आरोग्य संघटनाही मुलांना बुडण्यापासून वाचवायच्या उपायांत अशा सांभाळाला वरचे स्थान देते. आपल्याकडे केंद्राच्या 'पाळणा' योजनेत सहा महिन्यांपासूनच्या मुलांसाठी पाळणाघराची सोय आहे. आपल्या गावाला ती मिळेल का, हे तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना लेखी विचारा.

तोवर थांबायचे कारण नाही. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के भाग महिला व बालकल्याणासाठी असतो. आवणीच्या चार-पाच आठवड्यांपुरती समाजमंदिराची एक खोली मोकळी करावी आणि दोन जाणत्या बायांना मानधन द्यावे. खोलीतही खडूची तीच रेघ मारून घ्यावी. १ मेची ग्रामसभा पावसाच्या तोंडावरच येते आणि तिच्याआधी महिला सभा असते. हा विषय त्या सभेत आणा. खोली ठरवायला आणि बाया नेमायला हाती एक महिना राहतो.

अंगणवाडीचीही तपासणी करा. धान्याच्या पोत्यांची थप्पी मुलांवर कोसळेल अशी नको, कपाट भिंतीला जखडलेले हवे, गॅसची शेगडी आणि मुले यांच्यामध्ये दार हवे. आदिवासी वाड्यांवर नवी पक्की घरे होत आहेत. तिथे घर पूर्ण झाल्याचा दाखला देताना उंच ओटीला कठडा आणि टाकीला झाकण आहे ना, एवढे पाहिले तर कुठले शासकीय पत्र लागत नाही. कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात तेव्हा मुलेही बरोबर जातात. भट्टीमालकांनी मुलांसाठी भट्टीपासून आणि पाण्याच्या खड्ड्यापासून दूर एक कुंपणाची झोपडी घालून द्यावी. ग्रामपंचायतीने ती आहे की नाही हे जाऊन बघावे.

बंधू-भगिनींनो, आपण राबाला वई घालतो, गोठ्याला कवाड बसवतो. रोप गुरांनी खाऊ नये म्हणून आपण दिवसभर राखण करीत बसत नाही, कुंपण घालून कामाला जातो. घरातल्या पोरासाठीही तेवढेच करायचे आहे. येत्या रविवारी आजीलाही बसवून घ्या, कारण दिवसभर घरात तीच असते. तिला रेघ दाखवा, कुठले कुलूप कुठे आहे ते सांगा, आणि १०८ हा आकडा खडूनेच रेघेच्या वर मोठा लिहून ठेवा.